निळसर धुराची रेघ : नायट्रो इंजिनाचे ट्यूनिंग

(दृश्य : चिरेखाणीचा तळ. तांबडी धूळ उडवत वळण घेणारी छोटी गाडी.)

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली ही बंद चिरेखाण. जांभ्याचे चिरे काढून नेले, खाली उरला हा सपाट, टणक तळ. आणि त्यावर धावणारी ही गाडी : खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची, तीन-साडेतीन किलो वजनाची, रिमोटवर चालणारी. आत ३.५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. ते मिनिटाला तीस हजारांपेक्षा जास्त फेरे घेते.

बॅटरीच्या गाड्या आता जास्त वेगवान आहेत आणि सोप्याही. बटण दाबले की निघाली. तरीही हा भाचा आणि त्याचा मामा नायट्रोच, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावरची गाडीच चालवतात, कारण ही गाडी नुसती चालवून भागत नाही, ती लावावी लागते, म्हणजे ट्यून करावी लागते. आजचा हा व्हिडिओ त्या लावण्याबद्दल आहे.

(जवळून : इंधनाची बाटली, मग चिमटीत धरलेला ग्लो प्लग.)

हे इंधन पेट्रोल नव्हे. यात मुख्यतः मिथेनॉल असते, मग नायट्रोमिथेन, बहुतेक सोळा ते पंचवीस टक्के, आणि वंगणाचे तेल. जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये टूटी ऑइल घालायचो ना, तसेच. इंजिनाला तेल मिळते ते फक्त इंधनातून. म्हणजे इंधन कमी केले की वंगणही कमी झाले. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

इंधन पेटवतो तो हा ग्लो प्लग. त्यातली ही बारीक तार बघा. तिच्यात प्लॅटिनम आहे. सुरू करताना दीड व्होल्टचा इग्नायटर लावून ती लालभडक करायची. एकदा इंजिन लागले की इग्नायटर काढला तरी मिथेनॉल आणि प्लॅटिनमच्या क्रियेने, आतल्या उष्णतेने ती पेटतीच राहते. ठिणगी कुठेच नाही.

(दृश्य : मामा दोरी ओढतो. इंजिन लागते. पांढरा धूर.)

नव्या इंजिनाचे रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला ते सरावून घेणे, आम्ही चित्रित केलेले नाही. ते पहिल्या काही टाक्यांत, भरपूर इंधन देऊन, सावकाश करतात.

इंधन कमी-जास्त करते ती कार्बोरेटरची सुई, म्हणजे नीडल. इंजिन थंड असताना तिला हात लावायचा नाही. आधी दोन-तीन मिनिटे गाडी फिरवून इंजिन तापू द्यायचे. कार्बोरेटरवर तीन जागा आहेत : वर पूर्ण वेगासाठीची हाय-स्पीड नीडल, बाजूला कमी वेगासाठीची लो-स्पीड नीडल, आणि आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवणारा स्क्रू. सुरुवात नेहमी हाय-स्पीडपासून.

(जवळून : पितळी सुईच्या खाचेत बसलेला स्क्रूड्रायव्हर.)

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, मिक्श्चर लीन. उलटी फिरवली की रिच. एका वेळी पाव फेरीचा अर्धा, त्याहून जास्त नाही. मग गाडी सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटलवर सोडायची आणि ऐकायचे.

ऐका. आवाज घोगरा आहे, धूर दाट आहे, गाडी रेस धरत नाही. हे रिच. सुई किंचित आत. पुन्हा सोडली. आता आवाज मोकळा झाला.

"मामा, अजून थोडी आवळू?"

"नको. धूर बघ आधी."

मागे निळसर धुराची बारीक रेघ आहे. ती दिसतेय तोवर तेल पोचतेय. आणखी आवळली असती तर गाडी क्षणभर अधिक जोरात पळाली असती, आवाज तीक्ष्ण झाला असता, रेघ नाहीशी झाली असती. अशी लीन चालवलेली इंजिने पिस्टन नाहीतर कनेक्टिंग रॉड गमावतात.

(जवळून : इंजिनाच्या हेडवर पाण्याचा थेंब.)

तापमान मोजायचा हा जुना उपाय. थेंब तीन-चार सेकंद चरचरून उडाला, तर ठीक. पडताक्षणी उडाला, तर इंजिन फार तापलेय. नुसता बसून राहिला, तर अजून रिच आहे. थर्मामीटर असेल तर ग्लो प्लगजवळ शंभर ते एकशेवीस अंश सेल्सिअस पकडा. पण आकडा खरा कधी मानायचा? आवाज आणि धूर त्याच्याशी जुळले तरच.

आता लो-स्पीड. गाडी आयडलवर ठेवून भाचा इंधनाची नळी दोन बोटांनी चिमटतो. बघा : इंजिन जरासे वर चढते आणि दोन-तीन सेकंदांत बंद पडते. म्हणजे लो-स्पीडची सुई नीट बसली. लगेच बंद पडले असते, तर लीन. बराच वेळ चढत राहिले असते, तर रिच.

(दृश्य : सकाळची चिरेखाण, मग त्याच जागी दुपारचे ऊन.)

इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेल्या सुईच्या फेऱ्या जशाच्या तशा घेऊन चालणार नाही, कारण हवा आपली आहे. डिसेंबरातली सकाळ थंड असते, हवा दाट. तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधनही जास्त लागते. दुपारी हवा विरळ होते आणि तीच सुई रिच वाटू लागते. मग आपण आवळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच ठेवून गाडी सोडली, तर लीन निघते. म्हणून रोज सकाळी सुई थोडी सैल करूनच सुरुवात करा. दमट हवेत वाफ ऑक्सिजनची जागा घेते, तेव्हा जरा कमी इंधन पुरते. मिथेनॉल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे बाटलीचे झाकण पावसाळ्यातच काय, बाराही महिने घट्ट हवे.

आणि हा तेल लावलेला फोमचा एअर फिल्टर. चिऱ्याची धूळ अडवणारी ही एकच गोष्ट. दर फेरफटक्यानंतर तो धुवा.

एक सावधगिरी. मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही. लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका.

(दृश्य : टाकी रिकामी करताना. इंजिन स्वतःहून बंद पडते.)

दिवस संपला की टाकीतले उरलेले इंधन इंजिन चालू ठेवूनच संपवायचे, मग प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे इंजिन ठेवून देताना घालायच्या तेलाचे काही थेंब. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, हाताने फिरवून पिस्टन तळाशी आणायचा. सिलिंडरची बाही (स्लीव्ह) वरच्या टोकाला निमुळती असते. पिस्टन वर राहिला तर थंड होताना ती त्याला आवळून धरते आणि पुढच्या वेळी दोरी हलत नाही. भाच्याने फ्लायव्हीलवर मार्करने खूण केली आहे : खूण खाली, पिस्टन खाली.