खडकवासल्याच्या पाण्यातला समुद्र

कोथरूडमधल्या एका फ्लॅटचा हॉल. चार फुटी टाकी, साधारण ३०० लिटरची. डावीकडच्या दगडांच्या फटीत बघा. पांढऱ्या अंगावर काळे डाग, त्यांत पिवळे ठिपके, आणि पुढे आलेल्या पिवळ्या नाकपुड्या. हा स्नोफ्लेक मोरे, वामेच्या भाऊबंदांतला मासा. मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळखडकांतला.

त्याचं तोंड सारखं उघडतं, मिटतं. घरी येणारे पाहुणे विचारतात, ‘‘चावायला बघतोय का हो?’’ नाही, तो श्वास घेतोय. तोंडाने पाणी आत घेऊन कल्ल्यांवरून ढकलायचं, की झालं. अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत थर. नजर अधू, पण वास फार तीव्र. म्हणून इथे त्याला लांब चिमट्यानेच भरवतात. बोटाला कोळंबीचा वास असला, तर त्याच्या लेखी ती कोळंबीच.

आता तो खाताना बघा. बरेच मासे तोंड झटकन मोठं करून भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतात. फटीत राहणाऱ्या मोरेला तेवढी जागा नसते. त्याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या दातांनी भक्ष्य धरलं, की ही जोडी पुढे येते आणि घास आत खेचते. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ मध्ये हे दाखवून दिलं. स्नोफ्लेक तर पाण्याबाहेर येऊनही घास गिळू शकतो, हे मेहतांच्याच २०२१ च्या अभ्यासात दिसलं. याचे दात बोथट आहेत, खेकड्याचं कवच फोडायचे. त्यामुळे आहारात कोळंबी, खेकडा, माकूळ, आठवड्यातून दोन-तीनदा. गणेश पेठेतून आणलेला माल साफ करून, छोटे तुकडे करून, फ्रीजरमधल्या त्याच्या वेगळ्या डब्यात जातो. घरात बाकी कुणी मासे खात नाही, पण या डब्याला कुणाची हरकत नाही. एकच एक प्रकार दर वेळी देत नाहीत. काही मासे आणि कोळंब्यांमध्ये ब १ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि महिनोन्‌महिने तेच खाल्लं तर मासा खंगतो.

पण या घरात खरी मेहनत पाण्याची आहे.

नळाला येणारं धरणाचं पाणी आरओतून गाळायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालायचं. म्हणजे एवढ्या टाकीला साडेदहा किलोच्या आसपास. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी आली, की आदल्या रात्रीच पिंपं भरून ठेवतात.

मग येतो एप्रिल. बाहेर ४० अंश, आणि टाकीतलं पाणी हवं २५-२६ अंशांचं. टाकीवर पंखा सोडला की पाण्याची वाफ होते, आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फारशी साधत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, उरलेलं काम चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं. पण वाफ पाण्याचीच होते, मीठ मागे राहतं. म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी राखायची. खारं घातलं, तर क्षार चढतच जातील.

आणि इथेच मोठी अडचण येते. पंख्याला टाकी उघडी हवी, आणि मोरेला उघडी टाकी म्हणजे बाहेर पडायची वाट. बोटभर फटीतूनही तो निसटतो. रात्री फरशीवर पडला, तर या कोरड्या हवेत अंग लवकर सुकतं. म्हणून वर बारीक जाळीचं झाकण, चारही बाजूंनी क्लिपांनी आवळलेलं, आणि पाइप जातो तिथेही जाळी. हे झाकण आम्हाला या घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटली.

दगडांखाली पीव्हीसी पाइपचे तुकडे लपवले आहेत, ही त्याची बिळं. जिवंत प्रवाळ नाहीत. कठीण प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे.

मोरेंची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात आणि दीर्घकाळ समुद्रात वाहत राहतात. टाकीत ती वाढवणं फार अवघड. त्यामुळे दुकानातला मोरे बहुधा समुद्रातूनच पकडलेला असतो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, दोन-अडीच फुटांचा होतो. ज्याच्या घरात पुढची दहा वर्षं टाकीला जागा आणि विजेला पर्याय नाही, त्याने तो आणूच नये, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

आणायचाच असेल, तर आधी महिना-दीड महिना टाकी मोरेशिवाय चालवा, पाण्यातले माशाला घातक अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्या. मग दुकानदाराला सांगा, ‘‘दादा, आमच्यासमोर याला खाऊ घाला.’’ पकडून आणलेला मोरे कधी कधी कित्येक आठवडे तोंड लावत नाही. त्याने घास घेतला नाही, तर त्या दिवशी पैसे देऊ नका. पुढच्या आठवड्यात परत जा आणि पुन्हा बघा.