पिसांखालची जखम

(शिराळा तालुक्यातल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी मागच्या रांगेतल्या मावशींनी विचारलं, "मुंगसानं धरलेली कोंबडी जगते का?" मी तोंड उघडायच्या आत शेजारणीनं सांगूनही टाकलं, "न्हाई जगत, कापून घ्यावी." हे उत्तर मी सासरी आल्यापासून ऐकतेय. तीस वर्षं परसात कोंबड्या पाळल्या, त्या जोरावर सांगते, बऱ्याच जगतात. आणि ज्या मरतात त्यातल्या काही दातांनी मरत नाहीत, नंतरच्या अर्ध्या तासात आपल्या हातानं मरतात.

माझ्या हातानं मेलीय. तांबडी तलंग होती, नुकती अंड्यावर आलेली. कुत्र्यानं पाठीत धरली. मी धावत जाऊन सोडवली आणि घाबरून तिची चोच उघडून वाटीनं पाणी ओतलं. घशात घरघर झाली आणि ती मांडीवरच गेली. पाठीवरची जखम बोटाच्या पेराएवढीसुद्धा नव्हती. पुढं एका पशुवैद्यक डॉक्टरांनी दुसरी कोंबडी हातात धरून मला दाखवलं : जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडझाप करत असते, ते श्वासनळीचं तोंड. वरून ओतलेलं पाणी थेट तिथं उतरतं. पाणी द्यायचंच तर बोट बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावा. ती स्वतः गिळते.

तेव्हा आधी हात आवरा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घेऊन पाच मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. पण छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड वरखाली झालं तरच तिचा श्वास चालतो. पोरं मायेनं कवटाळतात आणि ती गुदमरते. रक्त थांबलं की पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुनं लुगडं, एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. एकाच बाजूला, म्हणजे ऊब नको झाली तर तिला सरकता येईल. कोंबडीचं अंग मुळात 41 ते 42 अंश सेल्सिअस तापमानाचं असतं. धक्का बसला की ते उतरायला लागतं, तुरा पांढराफटक पडतो. खोक्यावर फडकं टाकून अंधार करा. डालग्यावर पोतं टाकलं की कोंबड्या गप होतात हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेच इथं करायचं. मग अर्धा-पाऊण तास कुणी तिच्याकडं फिरकू नका.

मावशी, तुमची आज सकाळी धरलीय ना? मग माझं बोलणं राहू दे, आधी घरी फोन लावा. एवढंच सांगा : पोतं टाका, पाणी ओतू नका, पोरांना लांब ठेवा.

आता जखम. मला आज मुख्य हेच सांगायचंय, कारण इथंच सगळे फसतात. कोंबडी दुखणं लपवते. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून मरायला टेकली तरी मान वर धरून उभी राहते. त्यात वरून पिसं. आपण बघतो, रक्त दिसत नाही, म्हणतो वाचली बाई, सोडून देतो. तिसऱ्या दिवशी खुराड्यात मेलेली सापडते, आणि आपण म्हणतो भीतीनं मेली.

कुत्र्याचा दात आत जातो तेव्हा वर ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र राहतं, खाली मांस फाटलेलं असतं. म्हणून उजेडात मांडीवर घ्या आणि पिसांवर उलटी फुंकर मारत सगळं अंग बघा. पाठ, पंखाखाली, मांडीच्या आत, शेपटीखाली. वर दाताची खूण सापडली तर खालच्या अंगालाही शोधा, जबड्याला दोन बाजू असतात. मुंगूस बहुतेक मानेला आणि डोक्याला धरतं, घारीच्या नख्या पाठीत रुततात. बोटं फिरवताना कातडीखाली हवा भरल्यासारखं फुगलेलं लागलं, दाबल्यावर बारीक चुरचुर जाणवली, तर घाबरू नका आणि सुई टोचून ती हवा काढू नका. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यातली एखादी फाटली की हवा कातडीखाली येते. डॉक्टरांना दाखवा, पुष्कळदा ती आपोआप बसते.

धुवायला पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला चहाचा जेमतेम एक सपाट चमचा मीठ. सुई काढलेल्या सिरिंजनं धार सोडा. भोवतालची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. कातडी पातळ असते, पिसाबरोबर फाटते. मग पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावायचं जंतुनाशक, पाण्यात घालून फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगाचं केलेलं.

आणि हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मला तिचा अभिमान आहे. पण खोल छिद्रात हळद दाबून भरू नका. वर खपली धरते, आत घाण कोंडते. माणसाचा पू वाहून तरी जातो. कोंबडीचा पू वाहत नाही, पिवळट खव्यासारखा घट्ट गोळा होतो आणि आतच बसतो. राख, तंबाखू, रॉकेल, यातलं काहीच नको.

कुत्र्यामांजराच्या तोंडातले जंतू दोन-तीन दिवसांत रक्तात पसरून कोंबडी मारू शकतात. म्हणून दात लागला असेल तर, कितीही बारीक असो, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. प्रतिजैविक कोणतं, किती, हे त्यांनी ठरवायचं. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा. कपाटातली गुडघेदुखीची गोळी चुरून देऊ नका. तसल्या गोळीत बरेचदा डायक्लोफेनॅक असतं. ते दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडाचं मूत्रपिंड त्यानं निकामी होतं, कोंबडीच्याही मूत्रपिंडाला ते घातक आहे.

पुढचे दिवस माशांचे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळतात. म्हणून घरात, मच्छरदाणीच्या तुकड्याखाली. पण अगदी एकटी नको. डालगं अशा जागी ठेवा की तिला बाकीच्या दिसतील, त्यांना तिला टोचता येणार नाही. लाल दिसलं की त्या टोचतातच, मैत्रीण असो की पिल्लू. रोज संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपा : भरलेली हवी, आणि सकाळी रिकामी. विष्ठा नुसती हिरवी पाणचट येत असेल तर ती खात नाहीये. मग ज्वारीचा कोमट भात, उकडलेलं अंडं कुस्करून, हातावर. अंडी काही आठवडे बंद होतील, त्यासाठी तिला कुणी बोलू नये.

खुराड्याचं थोडक्यात. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्रा बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे डाग देऊन जोडलेली चौकोनी तारेची जाळी, लावा, फूटभर जमिनीत गाडा. जे आज आलं ते उद्या त्याच वेळेला येतं. मुंगसाला विष घालू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

शेजारणीचं म्हणणं मी पूर्ण खोडत नाही. आतडी बाहेर आली, पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडले, तर तिला आणखी दोन दिवस झिजत ठेवू नये. पण ते अंग नीट बघून ठरवायचं, दारात उभं राहून नाही.

मावशी, फोन लागला का? उभी आहे म्हणतात? मान वर धरून? मग मी इथून तुमच्याबरोबरच येते. वाटेत एक सिरिंज घेऊ, आणि घरी टॉर्च चार्जिंगला लावायला सांगा.