चौदा नंबरचा चिरा

श्रोतेहो, नमस्कार.

विजापूरची मुलूखमैदान तोफ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे 55 टन. ती विजापूरला आणताना 10 हत्ती, 400 बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगतात. हत्ती-बैलांचं कौतुक सगळेच करतात. पण उतारावर चाकाखाली वेळेवर पाचर सारली कुणी? त्या शेकडो माणसांपैकीच कुणीतरी. मला आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

आता अलीकडचं ऐका. 2019 च्या जुलैत महाराष्ट्रातून एक ऑटोक्लेव्ह निघाला, तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचा अजस्र भाऊ. वजन 70 टनांच्या घरात, गाडीला 74 चाकं, सोबत तीसेक माणसं. पोचला 2020 च्या जुलैत. वाटेत टाळेबंदीही आली. एक वर्ष, श्रोतेहो! दिवसाला पाचेक किलोमीटर.

आमच्या दारातही असा एक पाहुणा नऊ दिवस मुक्कामाला होता.

1988 चा मे महिना. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. बेळगावकडून घाट उतरून एक ट्रान्सफॉर्मर आला, वीज उपकेंद्राकडे जायला. आतलं तेल काढलेलं, रेडिएटर वेगळ्या ट्रकवर, तरी साठ टन. खाली आठ अ‍ॅक्सलचा ट्रेलर, पुढे ओढायला एक पुलर, म्हणजे ताकदवान ट्रक, मागे तसाच एक. आमच्या घराच्या वळणावर गाडी थांबली. गाडीचा उस्ताद, म्हणजे मुख्य चालक, उतरला, वळणाकडे बघितलं, आमच्या गडग्याकडे, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाकडे, बघितलं आणि आजोबांना म्हणाला, "बाबाजी, नहीं निकलेगा."

आजोबा काही बोलले नाहीत. परसातून पोफळीची एक लांब काठी आणली, ट्रान्सफॉर्मरच्या रुंदीला लावली आणि बरोबर तेवढी तोडली. मग ती आडवी धरून दोघं चालत निघाले. आजोबांच्या हातात एक टोक, उस्तादाच्या हातात दुसरं. वळणापासून खालच्या साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत, काठी कुठं अडते ते बघत गेले. एका ठिकाणी माडाला घासली, एका ठिकाणी विजेच्या खांबाशी चार बोटं उरली. अडली ती फक्त आमच्याच गडग्याच्या कोपऱ्याला.

आता गडगा म्हणजे काय, हे गोंयकाराला सांगायला नको. तो आजोबांनी स्वतः रचलेला. उस्ताद म्हणाला, पाडूया, पैसे देतो. आजोबा म्हणाले, पाडायचा नाही, उतरवायचा. आजीकडून चुन्याची डबी मागवली आणि एकेका चिऱ्यावर बोटानं आकडा घातला. वरच्या थरापासून एक, दोन, तीन. एकेचाळीस चिरे उतरले. आम्ही मुलांनी ते अंगणात ओळीनं मांडले. चौदा नंबरचा चिरा गाडीबरोबरच्या एका खलाशाच्या, म्हणजे मदतनिसाच्या, हातून निसटला आणि त्याचा कोपरा उडाला. तो पोरगा, माझ्याच वयाचा असेल, रडकुंडीला आला. आजीनं त्याला पेज आणि तोराचं लोणचं वाढलं.

पण गाडी लगेच गेली नाही. साकव होता ना. मांडवीचा पूल 5 जुलै 1986 ला कोसळलेला. दोन वर्षंही झाली नव्हती. जुन्या साकवावर साठ टन घालायला कोण तयार होणार? मे महिना, व्हाळ, म्हणजे ओढा, कोरडा. त्यात सिमेंटचे पाइप टाकले, वर दगड-माती, त्यावर लोखंडी पत्रे. साकवाच्या बाजूनं दुसरी वाट केली. त्यातच दिवस गेले, आणि आजोबा रोज संध्याकाळी पश्चिमेचे ढग बघत.

नवव्या दिवशी पहाटे वीज बंद केली, तारा उतरवल्या. उताराला मागचा पुलर गाडी धरून ठेवत होता. दोन्ही बाजूंना खलाशी लाकडी गुटके घेऊन चाकांबरोबर चालत होते. त्यांच्यात आजोबाही. हातात फणसाच्या लाकडाची पाचर, आमच्या जत्रेच्या रथाची. पंचवीस वर्षं रथाची चाकं त्यांनीच वळवलेली. उस्तादानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.

थोडं तंत्र सांगतो. ट्रेलरच्या एकेका अ‍ॅक्सलला आठ चाकं, म्हणजे चौसष्ट. चाकांवरचे हायड्रॉलिक दट्टे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे खड्डा आला तरी भार सगळ्यांत वाटला जातो. ट्रेलरचं वजन धरूनही एका चाकावर दीड टन येत नव्हता. तेव्हाच्या खाणीच्या भरलेल्या ट्रकचं एक चाक रस्त्यावर यापेक्षा जास्त दाबायचं. पुन्हा सांगतो, खाणीच्या ट्रकचं चाक जास्त दाबायचं! रस्त्याची माती कुणी केली, ते यावरून समजा. पुलाचं मात्र वेगळं. तिथं बरीचशी चाकं एकाच वेळी वर असतात, म्हणून पुलाला एकूण वजनच मोजावं लागतं.

आणि माझं एक ठाम मत आहे. गोव्यात जड माल शक्य तिथं पाण्यानं न्यावा. मांडवी, जुवारी, मधला कुंभारजुवेचा कालवा, देवानं दिलेले रस्ते आहेत हे. खनिज बार्जमधून मुरगावला जायचंच ना? कोकण रेल्वेनं 1999 पासून भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून न्यायला सुरुवात केली, वेर्ण्याहून. चांगली गोष्ट झाली. दर वेळी रस्ता रुंद करायला वड कापायचे, हे मला पटत नाही. त्या वळणावरचा आमचा वड पुढे तसाच गेला.

तर, गाडी गेली. दुपारी आजोबांनी अंगणातले चिरे आकड्यांप्रमाणे परत रचायला घेतले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, तोवर गडगा उभा होता. पावसानं चुन्याचे आकडे धुऊन नेले. चौदा नंबर मात्र अजून ओळखता येतो. उडालेला कोपरा आत लपवता आला असता, पण आजोबांनी तो रस्त्याच्या बाजूला ठेवला. पुढची पाच-सहा वर्षं तो उस्ताद घाटातून उतरला की आमच्याकडे थांबायचा, आणि आत येण्याआधी त्या चिऱ्यावरून हात फिरवायचा.

नमस्कार.