दोह्यातलं रोझरी मातेचं चर्च

मार्च 2008. कतारची राजधानी दोहा. शहराच्या कडेला, मेसैमीर भागातल्या उघड्या वाळवंटात एका नव्याकोऱ्या इमारतीकडे माणसांची रीघ लागली आहे. कुणी फिलिपिन्सचं, कुणी लेबनॉनचं, कुणी केरळचं, तर कुणी गोव्याचं. इमारतीवर बाहेरून क्रूस नाही, घंटाही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे चर्च आहे असं वाटणारही नाही. पण आज इथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होणार आहे, आणि त्यासाठी सुमारे 15,000 माणसं जमली आहेत.

या भूमीला ख्रिस्ती प्रार्थना नवखी नव्हती. सातव्या शतकात हा सारा किनारा बेथ कत्राये या नावाने ओळखला जाई. इथे बिशप होते, मठ होते. ज्यांचं लेखन पूर्वेकडचे ख्रिस्ती आजही भक्तीने वाचतात, ते निनवेचे संत इसहाक याच मुलखात जन्मले. पुढे इस्लाम आला, हळूहळू ख्रिस्ती वस्ती संपली, आणि जवळजवळ चौदाशे वर्षं कतारमध्ये एकही चर्च उभं राहिलं नाही.

मग तेल आणि वायू सापडला. त्यामागोमाग कामगार आले, नर्सेस आल्या, इंजिनियर, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया आल्या. घरी पैसे पाठवायचे आणि वर्ष-दोन वर्षांनी सुट्टीवर जायचं, असं त्यांचं आयुष्य. बाप्तिस्मा असो वा नाताळ, प्रार्थना कुणाच्या तरी घरी किंवा मिळेल त्या जागेत, फार गाजावाजा न करता व्हायची.

2002 मध्ये कतार आणि व्हॅटिकन यांचे राजनैतिक संबंध जुळले. अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी चर्चसाठी जागा दिली. स्थानिक वर्तमानपत्रांतून विरोधही झाला. पण काम थांबलं नाही. आखातातल्या कॅथलिकांनी वर्गणी काढली. ज्यांच्या पगारातला बहुतेक भाग गावी जायचा, त्यांनीही हात आखडता घेतला नाही. या इमारतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

चर्चच्या अभिषेकासाठी रोमहून आले कार्डिनल, म्हणजे पोपनंतरच्या सर्वोच्च फळीतले धर्मगुरू, आयव्हन डायस. मूळचे आपल्या वांद्र्याचे. 1996 मध्ये त्यांची मुंबईचे आर्चबिशप, म्हणजे महागुरुस्वामी, म्हणून नेमणूक झाली, आणि 1998 मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश) होईपर्यंत वसईकरही त्यांच्याच धर्मप्रांतात होते. म्हणजे त्या दिवशी गर्दीत जो कुणी मुंबईकर वा वसईकर असेल, त्याच्यासमोर वेदीपाशी त्याचाच जुना महागुरुस्वामी उभा होता. नव्या वेदीला पवित्र तेल लावलं गेलं, धूप जळला, मेणबत्त्या पेटल्या. कतारचे उपपंतप्रधानही या सोहळ्याला हजर होते.

वेळही अशी साधली की झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, उंबरठ्यावर होता. त्या रविवारी सुरू होणाऱ्या पवित्र सप्ताहाच्या साऱ्या उपासना त्या वर्षी याच छपराखाली झाल्या.

बाहेर क्रूस नाही, याची हळहळ काहींना वाटली असेल. ती समजण्यासारखी आहे. पण माझ्या मते या लोकांना सर्वांत आधी हवा होता तो सर्वांसाठी उघडा असलेला दरवाजा, आणि तो त्यांना मिळाला. त्याच आवारात पुढे अँग्लिकन आणि केरळच्या सिरियन ख्रिस्ती मंडळींच्याही वास्तू उभ्या राहिल्या. रविवार तिथे कामाचा दिवस, म्हणून मुख्य गर्दी शुक्रवारी. इंग्रजी, मल्याळम, टागालोग, अरबी, कोंकणी अशा भाषांतल्या मिस्सा तिथे एकामागून एक होत राहतात.