जुनं छप्पर, साचलेला पाला

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांची गावची घरं मंगलोरी कौलांची आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळुरात 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं आपल्या किनाऱ्यावर घरोघरी पोचली. पणजोबांच्या काळातलं कौल उतरवून पालथं केलं, तर कारखान्याचा ठसा अजून वाचता येतो. नीट भाजलेलं कौल इतकं टिकतं. छपराचं वय होतं ते खालच्या लाकडात आणि पत्र्याच्या पन्हळीत. आणि या दोघांना अकाली म्हातारं करतो तो साचलेला पाला.

कसं ते सांगतो. कौलाच्या कडेला खाच असते, शेजारच्या कौलाची कड तीत बसते. आंब्या-फणसाची पानं, माती, शेवाळ त्या खाचेत भरलं की पाणी खाली जायचं सोडून आडवं पसरतं आणि घरात उतरतं. कौल धड असतं, तरी रीप, म्हणजे कौलं टेकतात ती आडवी लाकडी पट्टी, भिजते. सतत ओली राहिलेली रीप कुजते, तिला वाळवी लागते, वरची कौलं खचतात. मग तिथला उतारच मोडतो, पाणी आणखी रेंगाळतं आणि ओल वाशापर्यंत पोचते. एवढं झाल्यावर आपण नवी कौलं आणतो! आधी माळ्यावर जाऊन रिपा आणि वासे टोचून बघा. आणि गळती शोधताना टपकणाऱ्या थेंबाच्या बरोबर वर बघू नका. पाणी वाशावरून ओघळत बरंच खाली आलेलं असतं. भर पावसात बॅटरी घेऊन ओलीच्या मागे आढ्याकडे जा, ती सुरू होते तिथे खूण करा.

आता पन्हळ. 100 चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10,000 लिटर पाणी होतं. कोकणात असे दिवस दर पावसाळ्यात येतात. छपराच्या दोन उतरणी मिळतात तिथल्या पन्हळीत दोन्हीकडचं पाणी एकदम येतं, आणि मूठभर पाला तिला तुंबवतो. आपण मृगाआधी शाकारणी करतो, पन्हळी झाडतो, ते योग्यच आहे. पण पहिल्या वादळी पावसातच झाडांचा पाला पुन्हा येतो. म्हणून पावसात पहिली उघडीप मिळाली की परत झाडा, श्रावणात आणखी एकदा. वळचणीच्या पन्हळीला दर 3 मीटरला दीड सेंटीमीटर तरी उतार हवा. बादलीभर पाणी ओतून बघा. मध्येच पाणी थांबलं, तर तिथला आधार वर घ्या. पत्रा गंजतो तोही ओल्या पाल्याखालीच. डांबर फासून एखादा पावसाळा निघेल, पण भोकं पडलेला पत्रा बदलायलाच हवा.

एक कळकळीची विनंती. उतरणीवरच्या कौलांच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. उन्हानं त्याला चिरा जातात, चिरांतून पाणी शिरतं, आणि वानरांनी एखादं कौल फोडलं, तर ते काढताना शेजारची चांगली कौलंही फुटतात. नवी कौलं मध्ये मध्ये घालूनही भागत नाही, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची मापं आणि खाचा जुळत नाहीत. मागच्या उतरणीची जुनी कौलं काढून पुढे वापरा, आणि नवी सगळी मागे एकत्र लावा.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोली-मंडणगडकडे कितीतरी घरांची कौलं उडाली. त्यानंतर अनेकांनी पत्रे घातले. त्यांची अडचण मला समजते, तरी वाईट वाटतं, कारण कौलांखालच्या खोलीतला उन्हाळा पत्र्याखाली मिळत नाही. वारा आधी वळचणीची, कडेची आणि आढ्याजवळची कौलं उचलतो. बऱ्याच कौलांना खालच्या अंगाला तारेसाठी भोक असतं. निदान या रांगा न गंजणाऱ्या तारेनं रिपेला बांधून घ्या.

आणि शाकारायला येणाऱ्या गड्याची काळजी घ्या. वर आडवी शिडी किंवा फळी टाकून द्या, म्हणजे भार वाशांवर वाटला जाईल. त्याच्या कमरेला दोर हवाच. शेवाळ ओलं असताना कुणालाही छपरावर चढवू नका. तोवर गळतीखाली बादली ठेवा आणि ऊन पडायची वाट बघा.