तव्याची खरवड, मूठभर मिरी

(दृश्य : लाकडी पाटावर काळ्या मिरीचे दाणे. वरून जड लोखंडी तवा दाबला जातो. दाणे फुटल्याचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. इथे मिरी दळत नाहीत, चेपतात. तव्याच्या बुडाखाली एकेक दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटतो आणि खोलीभर वास पसरतो. दाण्यातली हलकी तेलं हवेत उडतात, त्यांचा हा वास. मिरपूड करून डबीत भरली की तिखटपणा टिकतो, कारण तो पिपरीन या द्रव्याचा असतो आणि पिपरीन सहजी उडून जात नाही. वास मात्र टिकत नाही. म्हणून या घरात मिरी फुटते ती तवा चुलीवर चढायच्या थोडी आधी. अख्खी आणि ताजी फोडलेली. आज दिसेल त्या सगळ्याचा पाया हाच आहे.

आपण आहोत न्यूरेंबर्गला, जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात. स्वयंपाक करतायत त्या आजी आमच्या शेजारच्या. पदार्थ आहे प्फेफररामझोसं, मिरी आणि क्रीमचा सॉस. जर्मनीत स्टेक मिळतो अशा बहुतेक उपाहारगृहांत हा सॉस असतोच. दुकानात त्याचं पाकीटही मिळतं. पाण्यात घोळलं, एक उकळी आणली की झालं. तेच आता घराघरांतून होतं. पाकीट न फोडता हा सॉस कसा होतो, ते शेवटपर्यंत पाहता यावं म्हणून हा व्हिडिओ.

(दृश्य : हाउप्टमार्क्ट चौकातला भाजीबाजार. फ्राउएनकिर्शं चर्चच्या घड्याळातल्या बाहुल्या फिरतायत.)

दुपारचे बारा. चर्चच्या घड्याळातले सात राजपुरुष सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात. 1509 पासून हा खेळ इथे चालू आहे. खाली बाजारात आजी घेतायत झुपेनग्रूनची जुडी : गाजर, सेलरीचा कंद, लीक आणि पार्सलीची काडी, सगळं एका दोऱ्यात बांधलेलं. सूप किंवा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) करायला लागतं तेवढंच, मोजून. ही जुडी जर्मनीतल्या साध्या दुकानातही मिळते. आपल्याकडे भाजीवाला कोथिंबीर-मिरची सोबत टाकतो, तितकी ती इथल्या खरेदीत मुरलेली आहे.

पण मिरी या मातीतली नाही. ती इथे कशी आली, ते पाहायला याच शहरातल्या एका संग्रहालयात जाऊ.

(दृश्य : जर्मानिशेस नाशिओनालम्युझेउम. काचेआडचा जुना पृथ्वीगोल, हळूहळू जवळून.)

हा मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल. आज शिल्लक असलेल्या पृथ्वीगोलांत सर्वांत जुना, 1492 च्या सुमारासचा. बेहाइम न्यूरेंबर्गचा व्यापारी, पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेला. गोलावर अमेरिका खंड नाही. आहे तो पूर्वेकडचा समुद्र, बेटं आणि बारीक अक्षरांतला मजकूर. त्यातला एक मजकूर मसाल्यांबद्दलच आहे : पूर्वेच्या बेटांवरचा मसाला आपल्या देशात पोचेपर्यंत किती हातांतून जातो, कुठे कुठे जकात बसते, कोण कोण आपला नफा काढून घेतं. शहरातल्या धनिकांसमोर हा गोल ठेवला गेला, तेव्हा हा हिशेब त्यांच्यासाठीच लिहिलेला होता.

त्या काळी जर्मन व्यापारी मिरी घेत व्हेनिसमध्ये. तिथे रिआल्टो पुलाजवळ त्यांच्यासाठी वेगळी वखार होती, फोंदाको देई तेदेस्की. मलबारात वेलावरून उतरलेली मिरी अरबी समुद्र, लाल समुद्र, कैरो, अलेक्झांड्रिया असं करत तिथे यायची, आणि आल्प्सच्या घाटांतून खेचरांच्या पाठीवर न्यूरेंबर्ग-आउग्सबुर्गला.

1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. सातच वर्षांनी, 1505 मध्ये, पोर्तुगीज सरदार फ्रान्सिश्कु द आल्मैदाचं आरमार लिस्बनहून निघालं, त्यात दक्षिण जर्मनीतल्या व्यापारी घराण्यांचा पैसा होता. आउग्सबुर्गचे वेल्सर, फुगर, आणि इतरही. वेल्सरांचा माणूस म्हणून जहाजावर होता बाल्टासार श्प्रेंगर. सप्टेंबरात हे आरमार अंजदीव बेटाला लागलं. कारवारसमोरचं हे बेट आज गोव्यात मोडतं. तिथे किल्ला बांधून जहाजं पुढे कण्णूर आणि कोचीनला गेली, मिरी भरायला.

(दृश्य : लाकडी ठशाचं चित्र. पालखीसारख्या वाहनात राजा, सोबत वादक आणि सैनिक.)

श्प्रेंगर 1506 मध्ये परतला. त्याच्या प्रवासावरून हान्स बुर्कमायर या चित्रकारानं ही ठशाची चित्रं केली. हा आहे कोचीनचा राजा, आउग्सबुर्गमध्ये बसून कल्पिलेला. वाहणाऱ्यांचे खांदे पाहा, वाद्यं पाहा. ज्या देशातून ताटातली मिरी येते तो देश जर्मन घरांत छापील चित्र होऊन आला, तो असा. त्याच शतकाच्या शेवटी फुगर आणि वेल्सरांचा प्रतिनिधी फर्डिनांड क्रोन थेट गोव्यात येऊन राहिला, मिरीच्या खरेदीसाठीच. मलबारच्या समुद्रावर तोवर परवाने पोर्तुगिजांचे आणि तोफाही त्यांच्याच होत्या.

(दृश्य : तीन वाट्या. काळी, पांढरी, आणि खाऱ्या पाण्यातली हिरवी मिरी.)

तीन वाट्या, वेल एकच. कच्चे दाणे तोडून उन्हात वाळवले की साल काळी पडून सुरकुतते, ती काळी मिरी. पिकलेल्या दाण्याची साल भिजवून काढली की उरते ती पांढरी. आणि कच्चेच दाणे खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवले की ते मऊ, हिरवे राहतात. कोकणात पोफळीवर चढलेली मिरवेल ज्यांनी पाहिली आहे, किंवा लिंबू-मीठ घालून केलेलं हिरव्या मिरीचं लोणचं ज्यांनी खाल्लं आहे, त्यांना ही तिसरी वाटी ओळखीची वाटेल. दाताखाली दाणा फुटतो, आधी गवतासारखा ताजेपणा लागतो, तिखटपणा नंतर. या सॉसला काळी आणि हिरवी दोन्ही लागतात. काळी वासासाठी, हिरवी चावण्यासाठी.

आज जगात सर्वांत जास्त मिरी व्हिएतनाममध्ये पिकते, आणि जर्मन दुकानांतल्या मिरीतही व्हिएतनामचा वाटा मोठा आहे. आजी मात्र मलबारची मागवतात.

(दृश्य : आदल्या दिवसाचं चित्रण. ओव्हनच्या ट्रेमध्ये हाडं, कडेनं करपू लागलेले कांदे.)

आता मुख्य काम. ते सुरू झालं आदल्या दिवशी.

बैलाची किंवा वासराची हाडं, थोडी मज्जेची, थोडी सांध्यांची. सांध्याच्या हाडांत कोलॅजन हे प्रथिन जास्त, म्हणून ती हवीतच. 220 अंशांवर पाऊण तास, गडद तपकिरी होईपर्यंत. रंग काळ्याकडे झुकला तर कडवटपणा येतो, म्हणून आजी ओव्हनसमोरून हलत नाहीत. मग झुपेनग्रूनचे मोठे तुकडे, सालासकट कांदा, चमचाभर टोमॅटोची पेस्ट. तीही परतून तपकिरी करायची. हे सगळं मोठ्या पातेल्यात, वरून थंड पाणी. थंडच. पाणी हळूहळू तापलं की फेस सावकाश वर येतो आणि चमच्यानं काढता येतो. तमालपत्र, मिरीचे चार-पाच अख्खे दाणे. मीठ अजिबात नाही.

मग चार-पाच तास. पृष्ठभाग फक्त थरथरला पाहिजे. खळखळा उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून जाते आणि स्टॉक गढूळ होतो. या तासांत कोलॅजनचं जिलेटिन, म्हणजे थंड झालं की गोठणारा चिकट पदार्थ, होत असतं. डोळ्यांना काही दिसत नाही.

(दृश्य : सकाळी. फ्रिजमधून काढलेलं भांडं तिरकं केलं जातं. स्टॉक वाहत नाही, थरथरतो.)

आता दिसतंय. वरची चरबी काढली की खाली जेली. सॉसमध्ये मैदा नाही, कॉर्नस्टार्च नाही, तरी तो चमच्याला धरून राहणार आहे. तो या जेलीच्या जोरावर.

(दृश्य : लोखंडी तवा. त्यात वितळणारं बुटरश्माल्त्स.)

बुटरश्माल्त्स म्हणजे आपलं तूपच. पाणी आणि दुधाचे कण काढलेलं, म्हणून सहजी जळत नाही. तवा लोखंडी हवा, नॉनस्टिक नको. नॉनस्टिकला काही चिकटत नाही, आणि आपल्याला तर चिकटायलाच हवं आहे.

चार रम्पस्टेक, म्हणजे बैलाच्या मांसाचे जाड काप, प्रत्येकी साधारण 200 ग्रॅम. अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून कागदानं कोरडे केलेले. मांस ओलं असेल तर ते आधी वाफेत शिजतं, रंग धरत नाही. मीठ लावायचं, मिरी नाही. या तापमानाला मिरी करपते.

(दृश्य : मांस तव्यावर पडतं. काही सेकंद निवेदन नाही.)

प्रत्येक बाजू दोन ते तीन मिनिटं. मग मांस ताटलीत, वरून फॉइल. ताटलीत जो रस साचेल तो ठेवून द्यायचा.

आता तव्याकडे पाहा. तळाला तपकिरी थर बसला आहे. खिरीच्या पातेल्याच्या तळाशी बसते तशी ही खरवड. मांसातली प्रथिनं आणि शर्करा एकत्र तापून झालेली. कित्येक घरांत हा तवा या क्षणी नळाखाली जातो. सॉस तिथेच संपतो.

(दृश्य : जवळून तवा. बारीक चिरलेले शॅलट, मग मिरी.)

जादाचं तूप ओतून टाकलं, चमचाभर ठेवलं. दोन शॅलट बारीक चिरून. शॅलट नसतील तर लहान कांदा. आच मध्यम. कांदा पारदर्शक झाला की फोडलेली काळी मिरी, मोठा चमचाभर, फक्त अर्धं मिनिट. वास भरभरून आला की लगेच पुढची कृती.

पुढची कृती म्हणजे ब्रँडी, 40 मिलिलिटर. तवा आचेवरून बाजूला घेऊन, पेल्यातून ओतायची. बाटली तव्यावर धरायची नाही. डोक्यावरचा पंखा बंद. ज्योत उठली तर क्षणभर राहते आणि विझते. न उठली तरी चालतं, दारूचा उग्रपणा आटण्यानंच कमी होतो. आणि लगेच लाकडी उलथन्यानं तळ खरवडायला लागायचं.

(दृश्य : उलथन्याखाली थर सुटतो, द्रव तपकिरी होतो.)

पाहा, थर सुटतोय. पातळ ब्रँडी दोन-चार फटक्यांत तांबूस-तपकिरी झाली.

आता स्टॉक, पाव लिटर. जेली वितळते, मोठ्या आचेवर निम्मी होईपर्यंत आटते. बुडबुडे आधी लहान असतात, मग मोठे आणि आळशी होतात. आजी घड्याळ पाहत नाहीत, बुडबुडे पाहतात. मग क्रीम, 200 मिलिलिटर. क्रीममध्ये निदान 30 टक्के फॅट हवं. इथे मिळणाऱ्या आंबट क्रीमच्या हलक्या प्रकारात 10 टक्केच असतं, आणि ते गरम तव्यात फाटतं. हिरव्या मिरीचे दोन चमचे, पाण्याखाली धुऊन. अर्धे दाणे चमच्यानं चेपायचे, अर्धे अख्खे. लहान चमचाभर मोहरीची पेस्ट. ताटलीत साचलेला मांसाचा रस.

पुन्हा आटू द्यायचं. चमचा बुडवून उलटा करायचा, पाठीवरून बोट फिरवायचं. रेघ तशीच राहिली तर झालं.

(दृश्य : चमच्यावरची रेघ.)

मीठ आत्ता. आधी घातलं असतं तर आटताना ते तीव्र झालं असतं. आच बंद, थंड लोण्याचा एक तुकडा, तवा गोल फिरवायचा. ही चमक त्या लोण्याची.

(दृश्य : बाजारातल्या पाकिटांची फळी. एका पाकिटाची मागची बाजू.)

बहुतेक पाकिटांमागच्या यादीत स्टार्च, पाम तेल, माल्टोडेक्स्ट्रिन, यीस्टचा अर्क यांचं वजन मिरीपेक्षा जास्त असतं. जर्मनीत अशा तयार पदार्थांचा इतिहास जुना आहे. कार्ल हाइनरिश क्नोर यांनी 1838 मध्ये हाइलब्रोनला व्यवसाय सुरू केला, आणि पुढे याच कंपनीची सूपची पाकिटं देशभर गेली. कारखान्यात दिवसभर राबून आलेल्या बायकांना त्यांनी वेळ दिला, हे खरंच आहे. पण त्याबरोबर हाडं शिजवण्याची सवय गेली, आणि खरवड ओळखणारी नजर गेली.

(दृश्य : जेवणाचं टेबल. श्पेट्सलं, सॉस, स्टेक. आजींचा नातू स्वतःच वाढून घेतो.)

सोबत श्पेट्सलं, अंडी घातलेल्या पिठाचे छोटे, मऊ, वेडेवाकडे तुकडे. परतलेले बटाटेही चालतात.

भारतात करायचं तर मांस हवंच असं नाही. मशरूम मोठे चिरून, तवा गच्च न भरता, हलवाहलव न करता भाजले की त्यांचीही चांगली खरवड बसते. स्टॉक भाजलेल्या भाज्यांचा करायचा. जिलेटिन नसल्यानं तो जास्त आटवावा लागतो. ब्रँडी नको असेल तर स्टॉकमध्येच थोडं व्हिनेगर. टेट्रापॅकमधल्या साध्या क्रीममध्ये फॅट 25 टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा ते शेवटी आणि मंद आचेवर घालावं. आणि कोकणातून कोणी हिवाळ्यात हिरव्या मिरीचे घोस पाठवले, तर दाणे सोडवून लगेच मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचे. हवेवर राहिले की ते काळे पडतात.