आत्याची कडी

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, सकाळ. लाकडी दार, पितळी कडी.)

ही कडी नीट बघा. बाकी सगळी काळवंडलीय, पण मधला पट्टा तेवढा लखलखतोय. कुणी घासलेला नाही तो. माझ्या आत्याच्या बोटांनी झिजलाय.

बाहेर पडताना ती कडी ओढून बघायची. मग पुन्हा. गल्लीच्या टोकापर्यंत जायची, परत यायची. कडी झाली की गॅस. रेग्युलेटर बंद, शेगडी बंद, तरी प्रत्येक बटण चार वेळा दाबून मोजायचं. मध्ये कुणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून.

तिला कळत नव्हतं असं नाही. म्हणायची, "बाबू, मले मालूम आहे रे, पण जीव मानत नाही."

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली की माणूस चळतो, या समजुतीतून आलेला. डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसत राहतो आणि तो शमवायला माणूस तेच ते करत राहतो. केलं की घटकाभर बरं वाटतं. घात तिथेच होतो. तपासलं म्हणून वाचलो, असं मन धरून बसतं, आणि पुढच्या खेपेला आणखी तपासायला लावतं.

आणि आम्ही? "गॅस बंद आहे ना?" तिने विचारायचं, आम्ही "हो आत्या, बंद आहे" म्हणायचं. दिवसातून वीसदा. बाबा तर अर्ध्या रस्त्यातून परत येऊन दार बघायचे आणि तिला फोन करून सांगायचे. सगळं मायेपोटी. पण त्या मायेवरच आजार पोसला जात होता.

(दृश्य : छिंदवाडा रोड, रहदारी.)

दवाखान्यात न्यायला आम्ही फार वर्षं लावली. प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात. हा शब्द कानावर पडत असताना घरातल्या बाईला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं, याला आमचा धीर होत नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

अखेर नेलं. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सर्ट्रालीन सुरू केलं. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी ही गोळी. नैराश्यातही देतात, पण ओसीडीत मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. पहिले दिवस आत्याला मळमळायचं. "गोळी लागू पडत नाही," म्हणून ती सोडायला निघाली होती. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "विचार येतो, पण आता ओरडत नाही." या गोळ्यांची झोपेच्या गोळीसारखी सवय लागत नाही. मात्र मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

गोळीच्या जोडीला थेरपी. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या उपचारातून ही पद्धत पुढे आली. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, आत्या दार एकदाच लावून ओट्यावर उभी राहिली. कडीला हात लावायचा नाही. पदराचं टोक पिळून पिळून ओलं झालं होतं. वीस मिनिटं भीती चढत गेली. चाळिसाव्या मिनिटाला तिची तीच उतरली. कुणी उतरवली नाही.

आम्हालाही शिकवणी होती. "बंद आहे" म्हणायचं नाही. रागवायचंही नाही. म्हणायचं, "आत्या, हा प्रश्न आजाराचा आहे. त्याला उत्तर नाही देत मी."

तुमच्या घरी असं कुणी असेल तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

(दृश्य : चितार ओळी चौक मेट्रो स्टेशन.)

आज सीताबर्डीला निघालोय. गाडी सुटली तशी आत्या माझ्याकडे वळली. "बाबू, गॅस..."

मी काही बोललो नाही. तिने पदराचं टोक हातात घेतलं. कॉटन मार्केट आलं, तेव्हा सोडलं.